कडब्याच्या पाण्यात पॅरामेशिअम कसा वाढवावा आणि कसा पाहावा

शाळेत पॅरामेशिअम या एकाच पेशीच्या सूक्ष्म जीवाची चपलेसारखी आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. पोहणारा पॅरामेशिअम पाहिलेली माणसं मात्र फार थोडी. मराठवाड्यात तो वाढवणं सोपं आहे, कारण त्याला लागणारा ज्वारीचा कडबा गोठ्यातच असतो.

कडब्याचे बोटभर लांबीचे तुकडे करा. मूठभर तुकडे लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि झाकून रात्रभर गार होऊ द्या. उकळल्यावर कडब्यातली अन्नद्रव्यं पाण्यात उतरतात. बहुतेक जंतू मरतात, पण बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि पाणी निवलं की जागे होतात.

सकाळी हे पाणी रुंद तोंडाच्या बरणीत ओता. त्यात गावतळ्यातलं किंवा बारवेतलं वाटीभर पाणी मिसळा. कडेला पालापाचोळा कुजत असेल तिथलं घेतलं तर उत्तम. नळाचं पाणी चालणार नाही. पहिल्या खेपेला मी तेच मिसळलं होतं. त्यात टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर होती, आणि आठवडा उलटला तरी थेंबात काही हललं नाही. पॅरामेशिअम येतो तो तळ्यातून. कडबा फक्त त्याच्या अन्नाची सोय करतो.

बरणीच्या तोंडाला सुती फडकं बांधा आणि ती सावलीत ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली नको, माठाशेजारी बरी.

दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं, वर साय धरते, वास येतो. हे बिघडलं समजून लोक बरणी ओतून देतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. ती साय म्हणजे कोट्यवधी जिवाणू. त्यांना खाणारे आदिजीव, म्हणजे पॅरामेशिअमसारखे एकपेशीय जीव, त्यांच्या मागून येतात: आधी शेपटीसारख्या कशाभिकेने पोहणारे बारीक जीव, मग साधारण आठवड्याने पॅरामेशिअम. बरणीमागे काळं कापड धरून बाजूने टॉर्च मारा. सायीच्या जरा खाली पांढरे कण सरकताना दिसले की समजा, आले. मोठा पॅरामेशिअम पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून तो नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसतो.

ड्रॉपरने त्याच थरातला थेंब काचपट्टीवर घ्या. पॅरामेशिअम इतका चपळ की नजरेत ठरत नाही. म्हणून कापसाचे चार-दोन तंतू मोकळे करून थेंबात ठेवा आणि वर कव्हर स्लिप टाका. तंतूंच्या कुंपणात तो अडकतो. आधी शंभरपट मोठं करून पाहा, उजेड थोडा कमी ठेवा. अंगभर वल्ह्यांसारख्या हलणाऱ्या केसांसारख्या पक्ष्माभिका दिसतील. आणखी मोठं केलं की आत फुगणारी आणि मिटणारी संकोची रिक्तिका, म्हणजे पाण्याची पिशवी दिसेल. शरीरात शिरलेलं जादा पाणी ती बाहेर टाकत असते. दोन मिटण्यांमधले सेकंद मोजा. मुलं यात रंगून जातात. चारशेपटीवर आजूबाजूला थरथरणारे बारीक ठिपके आणि काड्या दिसतात, ते जिवाणू.

आर्किया हा एकपेशीय सूक्ष्मजीवांचा आणखी एक गट. ते मात्र अशा सूक्ष्मदर्शकात वेगळे ओळखू येत नाहीत, कारण दिसायला ते जिवाणूंसारखेच. 1977 साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या) आरएनएची तुलना केली, तेव्हा हा स्वतंत्र गट असल्याचं कळलं. त्यांचं काम पाहायचं तर हाच कडबा खाणाऱ्या देवणी गाईकडे वळा. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यात, जिवाणू काडीतलं सेल्युलोज फोडतात, पक्ष्माभिका असलेले आदिजीव जिवाणू खातात, आणि आर्किया हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करतात. तो मिथेन गाय ढेकरांवाटे सोडते. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करणारेही आर्कियाच. चुलीतली निळी ज्योत त्यांच्यामुळे. जालन्याच्या हद्दीपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचं सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीत कारण सांगितलं तेही खाऱ्या पाण्यातले आर्कियाच.

बरणी दोन-तीन आठवडे चालते. पॅरामेशिअम कमी झाले की उकळून गार केलेलं कडब्याचं थोडं पाणी घाला. हे पाणी तोंडात जाऊ देऊ नका, बोटाला जखम असेल तर हात घालू नका, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा. काम संपलं की पाणी झाडाच्या बुडाशी ओता आणि बरणी उकळत्या पाण्याने विसळा. साबण लावू नका. तो राहिला तर पुढच्या खेपेला आदिजीव टिकत नाहीत.