थंडीत संगमावर गळ टाकायचा असेल तर

थंडीत मासा तोंड उघडत नाही, असं आमच्याकडं सरसकट म्हणतात. दिवाळी सरली की पोरं गळाच्या काठ्या आढ्याला खोचून ठेवतात, त्या थेट मिरगालाच काढतात. हे म्हणणं रोहू-कटल्यापुरतं खरं आहे. पाणी गार झालं की ते मंदावतात, खाणं कमी करतात. पण वाम आणि शिंगाडा हे तळाचे, रात्रीचे मासे. ते थंडीतही खातात; मात्र थोडाच वेळ खातात आणि ठरावीक जागीच खातात. ती जागा आणि तो वेळ कसा हेरायचा, ते इथं सांगतो.

माझं माजलगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गळ मला वडिलांनी शिकवला. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाण्याजवळ गेल्यावर अण्णा आधी उकिडवे बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे आणि बराच वेळ तसाच ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, ते गंगेला, म्हणजे गोदावरीला, नमस्कार करायलेत. नमस्कार तर असायचाच, पण ते पाण्याची ऊब बघत असत. थंडीतल्या गळाची सगळी विद्या त्या एका हातात आहे.

मी सांगतोय तो संगम मंजरथचा. तिथं सिंदफणा नदी गोदावरीला मिळते. तिथं घाट आहे, लोक लांबून अस्थी घेऊन येतात, दहाव्याचे विधी करतात. घाटावर, किंवा घाटावरून दिसेल अशा जागीसुद्धा, गळ टाकायचा नाही. तिथल्या माशांना माणसं हातानं दाणे टाकतात. आपण बरंच लांब, मोकळ्या काठाला बसायचं. गावातल्या भोयांना आधी विचारायचं, की आज जाळी कुठं लावलीत. त्यांच्या जाळ्यावरून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, फेकला तर त्यांचं नुकसान आणि आपलीही रात्र वाया. धरणावर बसणार असाल तर तिथं मासेमारीचा ठेका सोसायटीकडं असतो, त्यांची परवानगी घ्या. पैठणचा नाथसागर मात्र सोडून द्या. तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

आता पाणी कसं वाचायचं ते. थंडीत सिंदफणेची धार बारीक आणि उथळ असते. दिवसभर ऊन खाऊन ते पाणी चांगलं तापतं. सूर्य मावळल्यावर तास-दोन तास संगमाचं तोंड गोदावरीच्या पाण्यापेक्षा उबदार राहतं. बारकी चिलट मासळी आणि झिंगे त्या उबेला जमतात आणि त्यांच्या मागं शिंगाडा येतो. म्हणून साडेसहा ते नऊ गळ तोंडातच टाकायचा, काठावरूनच, कंबरभर खोलीच्या पाण्यात, लांब फेकायची गरज नाही.

नऊनंतर सगळं उलटं होतं. उथळ पाणी झपाट्यानं निवतं. गार पाणी जड, त्यामुळं ते तळातळानं सरपटत गोदावरीच्या डोहाकडं उतरतं. डोहाचं पाणी एवढं थोरलं की एका रात्रीत ते निवत नाही. आता ऊब तिकडं आहे. गार धार जिथून डोहात उतरते, त्या वाटेच्या अंगाला, जिथं दोन पाणी एकमेकाला घासतात, तिथं वाम येऊन पडते. काठाला हात घालून बघा: तोंडातलं पाणी बोटांना झोंबतं, आणि वीस पावलं गोदावरीच्या अंगाला सरकलं की तेच पाणी मऊ लागतं. तिथं बस्तान हलवा. बरेच जण संध्याकाळी दोन शिंगाडे मिळालेल्या जागीच बारापर्यंत बसून राहतात आणि थंडीला बोल लावत घरी जातात.

डोहाची कड अंधारात दिसत नाही, म्हणून हिवाळ्याची तयारी मे महिन्यात करायची. या पट्ट्यात गोदावरीवर ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल असे बंधारे आहेत. पावसाळा संपता संपता दारं टाकून पाणी अडवतात, म्हणून हिवाळ्यात नदी भरलेली दिसते. उन्हाळ्यात मात्र पात्र उघडं पडतं. तेव्हा पायी फिरा. खडक कुठं आहे, बुडालेलं खोड कुठं आहे, खोल कड कुठून सुरू होते, ते बघा. मी एका बाभळीपासून पावलं मोजून वहीत लिहून ठेवली आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळू उपशाचे खड्डे बघून ठेवा.

या खड्ड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मी त्यातून वाचलो आहे. सहा वर्षांखाली पौषात, रात्री अकराच्या सुमाराला माझा गळ अडकला. नवी डोरी तोडायला जिवावर आलं. पाणी गुडघ्याएवढं, म्हणून पँट वर करून आत गेलो. चौथं पाऊल टाकलं आणि खाली काहीच नव्हतं. छातीपर्यंत एकदम आत. कडेची वाळू धरायला जावं तर ती हातात येऊन विरघळायची. गार पाण्यानं श्वासच अडकला, ओरडताही येईना. कसाबसा आडवा होऊन पोटावर सरपटत बाहेर आलो. दात इतके वाजत होते की बॅटरीचं बटण दाबता येईना. वरच्या रानात एक म्हातारबा गव्हाला दारं धरत होते. त्यांनी आवाज दिला, "कोण हाय रं? काय करायलास इतक्या रातीचं?" मला नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा ओला शर्ट काढला, स्वतःची घोंगडी अंगावर टाकली, तुराट्यांचा जाळ केला आणि गुळाचा कोरा चहा पाजला. तेव्हापासून माझा नेम आहे: रात्री घोट्याच्या वर पाण्यात पाय घालायचा नाही. गळ अडकला तर तंगूस तोडायचा. गळ दहा रुपयांचा आहे. एकट्यानं जायचं नाही, आणि घरी जागा सांगून जायची.

दुसरं सांगणं माझ्या धंद्यातलं आहे. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीनं येते. जायच्या आधी त्या गावात विचारा, या आठवड्यात लाइट कधीची आहे. रात्रीची असेल तर काठावरच्या सगळ्या मोटारी चालू होतात. पाणी हळूहळू उतरतं आणि उतरत्या पाण्यात मासा काठ सोडतो. संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवून ठेवा. दोन तासांत पाणी काडीपासून चार बोटं मागं गेलं तर गळही तेवढा आत सरकवा. दिवसाच्या लाइटीचा आठवडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, रात्रभर पाणी थिर असतं.

पण मासा राहू द्या, जिवाचं बघा. काठाला केबली लोळत असतात, जागोजागी जोड मारलेले, वरची टेप उन्हानं सुटलेली. दुकानात अशा केबली माझ्याकडं रोज येतात, म्हणून कळकळीनं सांगतो: लोखंडी पाइपाला, स्टार्टरच्या पेटीला, मोटारीच्या दोराला हात लावू नका, रॉड टेकवू नका. आता लाइट नाही म्हणून बिनघोर होऊ नका. पुष्कळांनी ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. वरून तारा गेल्या असतील तिथं रॉड उगारायचाच नाही. कार्बनच्या रॉडमधून वीज सरळ हातात उतरते. आणि पाण्यात करंट सोडून मासे मारणारी टोळी दिसली तर काठापासून लांब व्हा आणि गावात कळवा. त्या करंटनं बारकं पोर-पिल्लू सगळं मरतं, डोह वर्षभर सुना पडतो, आणि माणसंही गेली आहेत.

सामान थोडकं लागतं. आठ-नऊ फुटांचा फायबरचा रॉड, साधं स्पिनिंग रीळ, ०.४० मिलीमीटरचा तंगूस. रात्री तरंग, म्हणजे दोऱ्याला बांधलेली पाण्यावर तरंगणारी खूण, दिसत नाही, त्यामुळं गळ तळाला बसवायचा. पन्नास ग्रॅमचं भोकाचं शिसं दोऱ्यात सुटं ओवा, खाली एक मणी, मग फिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी कडी), आणि फिरकीखाली हातभर दोरा व गळ. शिसं सुटं असल्यामुळं मासा ओढतो तेव्हा त्याला वजन लागत नाही. वामीचं तोंड बारीक, तिला पाच-सहा नंबरचा गळ. शिंगाड्याला त्याहून बराच मोठा. रॉडच्या शेंड्याला घुंगरू बांधा. बाजारात गळाच्या घंट्या मिळतात, पण मी पोळ्याच्या घुंगुरमाळेतलं एक सुटं घुंगरू वापरतो. त्याचा आवाज ओळखीचा आहे, डुलकी लागली तरी जाग येते.

आमिष म्हणजे गांडूळ. थंडीत कोरड्या रानात ते खोल जातं, उगीच खोदत बसू नका. उसात ठिबकच्या नळीखाली, नाहीतर गोबरगॅसच्या स्लरीच्या कडेला हातभर माती उकरली की मिळतं. डबा उघड्यावर ठेवला की गांडळं गारठून दोरीसारखी पडतात आणि न हलणाऱ्या गांडुळाला वाम विचारत नाही. डब्यात थोडी ओली माती घालून तो स्वेटरच्या आत, पोटाशी ठेवा. शिंगाड्याला कोंबडीची आतडी किंवा जिवंत झिंगा. अर्ध्या तासाला आमिष बदलायचं, गळ रिकामा नसला तरी.

वाम लागते ती ओळखायला शिका. शिंगाडा घुंगरू एकदम खणखणवतो, रॉडच ओढून नेतो. वाम तसं करत नाही. घुंगरू एकदा हलतं, जणू वाऱ्यानं. मग गप्प. तेव्हा रॉड उचलू नका. रिळाच्या पुढचा तंगूस दोन बोटांत हलका धरा. दहिवरानं तो ओला असतो, त्यावरून पाण्याचे थेंब बोटावर येतात. आधी काहीच कळत नाही. मग बोटाखाली दोरा चाचपडल्यासारखा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. ती आमिष तोंडात घेऊन मागं सरकत असते. दोरा एका दिशेनं सावकाश जायला लागला की मगच मनगटानं एक झटका, आणि लगेच ओढून वर घ्या. ढिलाई दिली तर ती दगडाच्या कपारीत शिरून स्वतःला आवळून घेते, मग ती निघत नाही.

उघड्या हातानं धरू नका. वामीच्या पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते. शिंगाड्याचे काटे पाठीच्या पंखाला आणि दोन्ही अंगाच्या पंखांना असतात, त्यांना करवतीसारखे दात असतात. गोणपाटाचा तुकडा जवळ ठेवा, त्यात मासा गुंडाळून मग गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून धरा, ठणका उतरतो. सकाळी दवाखाना आणि धनुर्वाताची सुई. हातभरापेक्षा लहान वाम आली तर तिथंच सोडा.

स्वतःच्या उबेबद्दल: बुडाखाली गोणपाट दुहेरी, पायात गमबूट, पिशवीत कोरडे मोजे आणि एक जादा शर्ट. काठावर घोणस फिरते, थंडी तिचा जोडीचा काळ आहे, तेव्हा बॅटरी पायाशी मारत चला. पाण्यावर मारू नका. शेकोटी पाठीमागं, वर, रानापासून लांब करा, आणि तुराट्या-पऱ्हाट्या धन्याला विचारूनच घ्या. दारू नको. अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण तीच ऊब कातडीवाटे बाहेर निघून जाते आणि माणूस लवकर गारठतो. सोबत भाकर, ठेचा, आणि दिवस हुरड्याचे असतील तर चार कणसं. ती शेकोटीच्या आरात खुपसा.

मध्यरात्रीनंतर एक ते चार मी गळ टाकत नाही, झोप घेतो. पहाटे धुई पडायच्या आधी तासभर पुन्हा एकदा डोहाच्या कडेला वाम हलते. उजाडलं की आवरायचं. तुटलेला तंगूस वेचून खिशात घाला, बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.

घरी आल्यावर वामीला चुलीची राख चोळा, तिचा बुळबुळीतपणा राखेशिवाय जात नाही. दोनदा धुऊन बोटभर तुकडे करा, हळद-मीठ लावून ठेवा. कांदा-खोबरं भाजून वाटा, येसर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) घाला, रस्सा उकळला की मगच तुकडे सोडा आणि पळी घालू नका, भांडंच धरून हलवा. आई भाकरी थापायला बसते ती रस्सा उकळल्यावरच, म्हणजे पहिली भाकर तव्यावरून थेट ताटात येते.