अलमट्टीच्या वादामागचा कायदा शोधायचा कसा

आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की सांगलीत अलमट्टी (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण) आणि लवाद (राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवणारं न्यायाधिकरण) हे शब्द हमखास कानावर येतात. लवाद ज्या कायद्याने बसतो, तो आज नेमका काय म्हणतो हे घरबसल्या तपासता येतं.

आधी विषय कोणाच्या अखत्यारीतला ते पाहा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पाणी’ राज्यसूचीत आहे, पण आंतरराज्य नद्या संघसूचीच्या 56व्या नोंदीत येतात. म्हणजे शोध संसदेच्या कायद्यांत घ्यायचा. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर वर्ष 1956 आणि अधिनियम क्रमांक 33 टाका. आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम दुरुस्त्यांसह मिळेल.

वाचताना तळटिपा सोडू नका, खरी माहिती तिथेच असते. कलम 6 चं पोटकलम (2) सांगतं की राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ आहे. तळटीप सांगते की हे 2002च्या 14व्या अधिनियमाने घातलं. त्याआधी छापलेलं पुस्तक हाताशी असेल तर त्यात ते सापडणारच नाही. आणि ‘राजपत्रात प्रसिद्ध’ ही अट बारकाईने वाचा. कृष्णेच्या पाण्याबद्दलच्या बच्छावत लवादाचा निवाडा राजपत्रात आला तो 31 मे 1976ला.

सगळ्यात मोठा घोळ विधेयक आणि अधिनियम एकच समजण्यात होतो. याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेने 31 जुलै 2019ला मंजूर केलं. पुढच्याच आठवड्यात सांगलीत महापूर. त्या दिवसांतली बातमी वाचून नवा कायदा झाला असं धरलंत, तर फसलात. राज्यसभेची मंजुरी मिळालीच नाही आणि 2024ला लोकसभा विसर्जित होताच घटनेच्या अनुच्छेद 107(5) प्रमाणे ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप रद्द झालं. मूळ राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच अडकलेलं असतं, तर तगलं असतं.

तरीही असं विधेयक वाचण्याजोगं असतं. शेवटी जोडलेल्या ‘उद्देश व कारणे’ या निवेदनात सरकारला जुन्या कायद्यात काय खटकलं ते कळतं. संसदेच्या संकेतस्थळावर मांडलेला मसुदा आणि सभागृहाने मंजूर केलेला मसुदा शेजारी ठेवून ताडून बघा. विधेयकात ‘खंड’ असतात, त्यांची अधिनियमात ‘कलमं’ होतात. त्यामुळे सभागृहातली चर्चा शोधताना खंडाचा क्रमांक वापरा.

राष्ट्रपतींची संमती झाली म्हणजे कायदा लागू झालाच असं नाही. कलम 1 मध्ये ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिवशी’ असं दिसलं, तर राजपत्राच्या भाग 2, विभाग 3 मध्ये ती अधिसूचना शोधा. विभाग 1 मध्ये फक्त अधिनियम मिळेल.