स्पोर्ट्‌स कारचे टायर प्रेशर सेन्सर कसे बदलावेत आणि गाडीला कसे ओळखू द्यावेत

डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा दिसला की आधी तो कसा लागतो ते बघा. लागला आणि तसाच राहिला, तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर तक्रार यंत्रणेची आहे आणि बहुतेक वेळा एखाद्या सेन्सरने मान टाकलेली असते. सेन्सरमधली लिथियमची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते. ती आत सीलबंद असते, म्हणून अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. (काही गाड्यांमध्ये चाकात सेन्सर नसतोच, ब्रेकची एबीएस यंत्रणा चाकांच्या वेगावरून हवेचा अंदाज घेते. तुमची गाडी तशी नाही ना, हे आधी पाहून घ्या.)

एक सेन्सर गेला की त्याच वयाचे बाकीचे तीनही फार मागे नसतात. प्रत्येक वेळी टायर रिमवरून उतरवावा लागतो, त्यामुळे मी चारही एकदमच बदलायला सांगेन. नवे टायर घालणार असाल तर त्याच वेळी.

खरेदी करताना फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे: ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झ. गाडीच्या कंपनीचे सेन्सर तयार येतात. युनिव्हर्सल सेन्सर मात्र कोरे असतात. टीपीएमएस टूलवर (टायर प्रेशर सेन्सरशी बोलणारं हातातलं यंत्र) गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडून ते आधी प्रोग्रॅम करून घ्यावे लागतात. इथे दोन वाटा आहेत. गाडी प्रत्येक सेन्सरला त्याच्या नंबरवरून ओळखते. एक तर सेन्सरला नवा नंबर द्यायचा, नाहीतर जुन्याचाच नंबर त्यात उतरवायचा. दुसरी वाट सोपी, कारण गाडीला बदल कळतच नाही. बॅटरी पूर्ण संपलेला सेन्सर टूलला उत्तर देत नाही, तेव्हा त्याच्या अंगावर छापलेला नंबर वाचून टाइप करावा लागतो. म्हणून जुने सेन्सर लगेच फेकू नका.

टायरमध्ये जाण्याआधी प्रत्येक नवा सेन्सर टूलने जागा करून बघा. नंबर दिसला, दाब शून्य दाखवला, की ठीक. मग त्याचा फोटो काढा आणि कागदावर लिहा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. टायर चढल्यावर तो नंबर पुन्हा डोळ्यांना दिसणार नाही.

आता चाक. स्पोर्ट्‌स कारचे टायर बुटके आणि कडक असतात, रिमवरून सहज सुटत नाहीत, आणि सेन्सर असतो नेमका व्हॉल्व्हच्या मागे. मशीनचं पातं व्हॉल्व्हजवळ दाबलं तर सेन्सर फुटतो. पातं व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला धरायला सांगा आणि तिथे उभे राहून बघा. जुना सेन्सर निघाला की भोकाभोवती बऱ्याचदा ॲल्युमिनियमची पांढरी पूड दिसते, ती साफ पुसा, नाहीतर तिथूनच हवा गळते. रबराची वायसर नवीच हवी. धातूच्या व्हॉल्व्हचा नट साधारण ४ ते ८ न्यूटन मीटरलाच आवळतात, म्हणजे अगदी हलक्या हाताने. नेमका आकडा सेन्सरच्या पाकिटावर असतो. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू नका, ती आत गंजून धरते. निकेलचा मुलामा असलेली घ्या. हवा भरून साबणाचं पाणी लावा, मग चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या.

चाक गाडीवर बसवताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, हवाच. पोर्शे ९११ च्या काही आवृत्त्यांत चाक मधल्या एकाच नटावर असतं आणि तो ६०० न्यूटन मीटरपर्यंत आवळतात. ते घरी करायचं काम नाही.

राहिली ओळख, म्हणजे नवे नंबर गाडीला शिकवणं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये गाडी शिकण्याच्या मोडमध्ये गेली की हॉर्न वाजतो. मग टूल घेऊन पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं असं फिरायचं, प्रत्येक चाकापाशी एकदा हॉर्न वाजेपर्यंत थांबायचं. पोर्शेमध्ये मेन्यूतून टायरचा प्रकार आणि साइज निवडून गाडी चालवायची, ती स्वतः शिकते. टोयोटा ८६ मध्ये नंबर ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या तपासणीचं यंत्र जोडायची जागा) टाकावे लागतात, तेव्हा तो कागद कामाला येतो. तुमच्याकडे चाकांचा दुसरा सेट असेल तर गाडी शिकत असताना तो लांब ठेवा.

शेवटची तपासणी टाळू नका. यातल्या अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांची साइज आणि दाब वेगवेगळे असतात. जागा उलटसुलट शिकल्या गेल्या तर हवा कमी एका चाकात आणि तुम्ही भरणार दुसऱ्यात. हवेचा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने बघणं सुरू झालं तेच पोर्शे ९५९ सारख्या वेगवान गाडीत, १९८६ साली. या वेगाला एवढी चूक परवडत नाही. टायर थंड असताना एका चाकातून ३-४ पीएसआय हवा सोडा, थोडं चालवून या आणि डॅशबोर्डवर नेमका त्याच चाकाचा आकडा उतरला का ते बघा. दुसराच उतरला, तर शिकवणी पुन्हा पहिल्या चाकापासून.