'विदाऊट यू' गायचंय? आधी आवाज वाचवा

मित्राच्या साखरपुड्यात, नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉनवर मी अमेरिकन गायक हॅरी निल्सनचं 'विदाऊट यू' गायलो होतो (विरहाचं गाणं आणि साखरपुड्यात, अक्कल बघा माझी), आणि दुसऱ्या कोरसला (म्हणजे धृपदाला) आवाज असा फाटला की पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. तुमचं तसं होऊ नये म्हणून सांगतो.

गाणं मुळात निल्सनचं नाहीच, बॅडफिंगर बँडचं आहे, १९७० च्या 'नो डाइस' अल्बममधलं. बँडमधल्या पीट हॅमकडे कडवं होतं पण कोरस जमेना, त्याचा साथीदार टॉम इव्हान्सकडे कोरस होता, मग दोन्ही जोडले. गाताना हा सांधा लक्षात ठेवा. कडवं म्हणजे रात्री सोमेश्वरला कठड्यावर बसून मित्राला सांगतोय असं, हळू, जवळजवळ बोलतच, आणि खरा टाहो कोरसला. आपण सगळे पहिल्या ओळीपासूनच रडायला लागतो आणि मग वर जायला काही उरतच नाही ना राव.

पट्टी आधी ठरवा. निल्सन गातो त्याच पट्टीत गायचा हट्ट नको, हार्मोनियमवर कोरसची सगळ्यात वरची जागा आरामात लागते का बघा, नाही लागली तर खाली या, कोणी हसत नाही. गिटारवाल्यांनी कोरसला जी, ई मायनर, ए मायनर, डी हे कॉर्ड धरायचे आणि कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारा चिमटा) सरकवून आपली पट्टी शोधायची. पहिला कोरस खालच्या सप्तकातच घ्या, वरचा दुसऱ्यासाठी राखून ठेवा.

निल्सनचं गाणं १९७२ ला अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे एक नंबरला होतं, १९९४ ला मराया कॅरीनं गायलं तर ब्रिटनमध्ये परत एक नंबर. तिचं ऐका जरूर, पण तिच्या हरकती उचलायला जाऊ नका, तिथेच घसरतात लोकं.

त्या दिवशी दुपारी मिसळ नको, तर्री घशाला लागते. कोमट पाणी प्या.

आणि शेवट घरीच ठरवून जा. रेकॉर्डवर कोरस चालू असतानाच आवाज हळूहळू बारीक होत जातो, स्टेजवर ते होत नाही, मी तर थांबायचं कुठे ते न कळून कोरस चार वेळा म्हटला होता. दोनदा म्हणा, शेवटचा जी एकदाच वाजवा आणि तार वाजायची थांबेपर्यंत हात काढू नका.