लघवी सुटण्यावरील शस्त्रक्रियांची तुलना कशी करावी
खोकताना किंवा ठाणे स्थानकाचा जिना चढताना लघवी सुटत असेल, तर आधी किमान ३ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करावेत; त्याने भागले नाही, तरच शस्त्रक्रियांची तुलना करावी. मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया छोटी असते, पण जाळी कायमची राहते आणि पूर्ण काढणे अवघड जाते. इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर स्थगित झाला, हा विषय डॉक्टरांकडे अवश्य काढावा. स्वतःच्याच पोटाच्या स्नायुआवरणाची पट्टी वापरल्यास जाळीचा धोका टळतो, मात्र पोटावर छेद येतो आणि नंतर लघवी अडू शकते. बर्च पद्धतीच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या तोंडाला टाक्यांनी आधार देतात. मूत्रमार्गाच्या भिंतीला फुगवटा आणणारे इंजेक्शन सर्वांत सोपे, पण त्याचा परिणाम ओसरतो. पुढे मूल हवे असल्यास, माझ्या मते, थांबणेच बरे.