भावाच्या जाण्यावर कुमार कादंबरी लिहिताना मी कुठे आपटले

"विषय जड आहे, मुलांना झेपेल का?" असं या वाटेला लागलेलं प्रत्येक जण मला विचारतं. मुलांना झेपतं हो. आपलंच काय करायचं ते बघा. माझ्या कादंबरीचे चार खर्डे झाले आणि त्यातले तीन रद्दीत गेले, तेही एकाच चुकीपायी. ती चूक इथे जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे. बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच.

दादा गेला तेव्हा मी सातवीत होते, तो अकरावीत. तेरावं झाल्यावर शाळेत गेले, तर वर्गाने मधल्या सुट्टीसाठी नवा खेळ काढलेला. शिवाशिवीच, पण नाव 'सुतक-सुतक'. माझा हात लागला की त्याच्यावर सुतक, मग त्याने ते दुसऱ्याला लावून मोकळं व्हायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं ते. या दिवसांवर लिहायचं हे मी पस्तिशी उलटल्यावर ठरवलं आणि ठरवल्या ठरवल्या एका कार्यशाळेत जाऊन बसले.

तिथल्या मार्गदर्शकांनी फळ्यावर जिना काढला. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. शोकाच्या पाच पायऱ्या. मी घरी येऊन पंचवीस प्रकरणांचा आराखडा केला, पायरीला पाच प्रकरणं. इतका नीटनेटका आराखडा मी आयुष्यात कधी केला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टर बाईंच्या 1969 च्या पुस्तकातल्या. ते पुस्तक उभं आहे मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर. म्हणजे ज्याला स्वतःला जायचंय त्याच्या मनाचा तो नकाशा. मागे राहिलेल्या, दुसऱ्या दिवशी गणिताची वही पुरी करायची असलेल्या बहिणीचा नव्हे. पुढे बाईंनी तो शोकालाही लावला, पण 2005 साली आलेल्या, डेव्हिड केसलर यांच्यासोबतच्या पुस्तकात त्यांनीच म्हटलंय की या पायऱ्यांबद्दल फार गैरसमज झाले, भावना अशा घड्या घालून ठेवता येत नाहीत. कार्यशाळेत हे कुणी सांगत नाही. फळ्यावर जिना काढायला सोपा पडतो ना.

जिन्याने माझ्या लिखाणाचं काय केलं बघा. 'राग' भागात माझी नायिका चाळीस पानं रागावलेली. तिला भूक लागत नाही, चप्पल चावत नाही, मालिकेचा चुकलेला भाग आठवत नाही. आणि खरं काय घडलं होतं? दहाव्याला मोठी माणसं घाटावर गेली होती. आम्ही चुलत-मावस भावंडं गच्चीवर पत्ते खेळत होतो. मी जिंकले आणि जोरात ओरडले. खालून काकू आली, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि गेली. ते पाहणं मला अजून दिसतं. सुतक-सुतकमध्येही पहिले दोन दिवस मी पळत होते, हसत होते. बारा दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं आणि इथे सगळा वर्ग माझ्यापुढे पळत होता! हे हसू माझ्या आराखड्यात कुठल्याच पायरीवर बसेना, म्हणून मी ते काढून टाकलं. कादंबरीतली सगळ्यात खरी गोष्ट मीच कापली.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोकाची दुसरी मांडणी केली. माणूस दुःखाकडे जातो, मग रोजच्या कामाकडे येतो, परत जातो. झोका. मुलांचा झोका तर मोठ्यांपेक्षा भरभर हलतो. आत्ता हुंदके, पाच मिनिटांनी "भजी आहेत का?" तेव्हा तुमच्या खर्ड्यातलं कुठलंही पान उघडा आणि बघा: आसपासच्या दोन-तीन पानांत पात्राने एक तरी साधी, निर्लज्ज, रोजची गोष्ट केलीय का? केली नसेल, तर तुम्हीही जिन्यावर आहात. उतरा.

पण हा झोकासुद्धा आराखडा म्हणून वापरू नका. एक पान रडणं, एक पान भजी असं लिहाल. मी तिसऱ्या खर्ड्यात नेमकं तेच केलं.

छळाबद्दल थोडक्यात. 'बुलिंग' हा शब्द पालकसभेतला. मुलं म्हणतात चिडवतात, टपल्या मारतात, मला घेत नाहीत. त्यातलं 'घेत नाहीत' सगळ्यात जास्त लागतं. भांडण आणि छळ यांतला फरक डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने नॉर्वे-स्वीडनमधल्या शाळांवर काम करून मांडला: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि ज्याला परतवता येत नाही अशावर केलेलं. तिन्ही असेल तर छळ. त्यामुळे एका मोठ्या मारामारीच्या प्रसंगाने काम भागत नाही. रोजचं बारीकसारीक लागतं, वाचकाला 'आज परत मधली सुट्टी' म्हणून धडकी भरली पाहिजे.

आणि कृपा करून दादागिरी करणाऱ्या पोराला मृत्यूची बातमी कळताच रडवू नका. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात तो घरी येऊन फोटोला नमस्कार करून गेला होता. आता आठवलं तरी कानशिलं तापतात. आमच्या वर्गाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर खेळ होता.

हे वाचून हातपाय गाळू नका. रडू येईल, लिहिणं महिना-दोन महिने बंद पडेल, भाऊबीजेच्या आसपास तर हमखास. माझं दर वर्षी पडतं. बंद पडलेलं परत सुरू होतं, एवढं मी स्वतःवरून सांगते.

खर्डा दाखवायचा तर ज्येष्ठांकडे धावू नका, हे माझं ठाम आणि कदाचित कडू मत. एका ज्येष्ठांनी माझं बाड आठ महिने ठेवून "यातून मुलांनी काय घ्यायचं?" एवढंच विचारलं. तात्पर्य हवं असतं सगळ्यांना. त्यापेक्षा शाळेतल्या ग्रंथपालबाईंना गाठा. आठवीतलं मूल कुठल्या पानावर पुस्तक बंद करतं ते त्यांना कळतं. पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. मला एकाने आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, वेगळे पैसे सांगितले होते. भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. आधी एखादी कथा लिहून बघा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक असतो. दीड हजार शब्दांत झोका सांभाळता आला नाही, तर दहा फॉर्म्यांच्या अख्ख्या कादंबरीत तो तुटणारच.

आणि एक. मुलांना खर्डा वाचायला देणार असाल, तर एखादं मूल स्वतःचं काहीतरी सांगेल याची तयारी ठेवा. तेव्हा लेखकपण बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं आणि त्याच्या जवळच्या, भरवशाच्या मोठ्या माणसापर्यंत ते पोचवायचं. मुलांसाठीचा 1098 हा मदतीचा फोन क्रमांक मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापायला सांगणार आहे.

चौथा खर्डा मी पाच मुलांना दिला. चौघांनी "छान आहे ताई" म्हटलं. पाचवा, आठवीतला, पान दुमडून घेऊनच आला. म्हणाला, "हिच्यावर राज्य असायचं ना? मग ही पहिल्यांदा कुणाला शिवली ते लिहिलंच नाहीये."

खरंच लिहिलं नव्हतं. चार खर्डे झाले, तरी नव्हतं. त्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी नवीन आली होती. कुणाशी बोलायची नाही, खेळायची नाही, पायरीवर बसून एकटी डबा खायची. मी तिला शिवले होते.