हार्ड डिस्कची घरघर: शेवटी कशी थांबली

पीसी चालू केला की टेबलच घुमायचं, फाइल उघडताना आतून करकर. पंखा बदलला, डीफ्रॅग केलं (डिस्कवर विखुरलेले फाइल्सचे तुकडे एकत्र लावले). दोन रविवार फुकट गेले.

मग कॅबिनेट उघडून चालू डिस्कवर बोट टेकवलं. थरथर तिथलीच! ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि स्क्रू थेट पत्र्यात.

आधी बॅकअप घेतला. जुन्या डिस्कची केबल काढून (नाहीतर बूट फाइल्स, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स, तिच्यावरच जाऊन बसू शकतात) विंडोज साटा केबलने जोडायच्या एसएसडीवर (हिच्यात फिरणारं काही नसतं) नव्याने टाकलं. मग डेटासाठी ५४०० आरपीएमची डिस्क बसवली: चारही स्क्रूंना रबरी वॉशर, आवळले जेमतेम, करकचून आवळले तर रबर दबून थरथर परत पत्र्यात उतरते. शेवटी पॉवर ऑप्शन्समध्ये डिस्क २० मिनिटांनी बंद व्हायला लावली.

झोपलेली डिस्क उठायला काही सेकंद घेते, तेवढं चालतं.